काट्यावर आम्ही दोघं

आई,

आज मंगळवार, म्हणजे काट्याचा दिवस. सकाळचे डबे रवाना करून मी माहेरी उरवड्याला गेले, तुझ्या लेकाला रिक्षात घातलं आणि आम्ही दोघं नेहमीसारखे पुण्याच्या रस्त्याला डायलिसिसच्या सेंटरवर गेलो. तिथं दारातच वजनाचा काटा आहे. आधी तो उभा राहतो. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते त्यावर कळतं आणि तेवढं पाणी मग मशीन हळूहळू काढून घेतं. तो उतरला की मी चढते. माझ्या वजनाशी तिथं कुणाला काही घेणंदेणं नाही, तरी नर्सबाई आता सवयीनं आकडा मोठ्यानं सांगते आणि खुर्चीवर टेकता टेकता तो कान देतो. त्याचं पाणी आणि माझी चरबी, एकाच काट्यावर. तू बघितलं असतंस तर कपाळावर हात मारला असतास.

तुला पहिल्यापासून सांगायला पाहिजे, कारण तू गेलीस तेव्हा तो धडधाकट होता. कंपनीत तिन्ही पाळ्या करायचा आणि घरी आला की खाचरात उतरायचा. मीही अशी नव्हते. आता मी घोटावड्यात खानावळ चालवते. आमच्या जागेत खोल्या काढल्यात, त्यात कंपन्यांमधली पोरं राहतात, कुणी बिहारची, कुणी लातूरकडची, आणि सगळ्यांना दोन वेळचा डबा माझ्या हातचा जातो. चव घेतल्याशिवाय डबा भरायचा नाही आणि उरलेलं टाकायचं नाही, हे दोन नियम. पहिला धंद्याचा, दुसरा तुझा. 'खाऊन माजावं, पण टाकून माजू नये' असं तू दर जेवणाला म्हणायचीस. मी ते इतकं मनावर घेतलं की आता जिना चढताना मध्येच बसावं लागतं.

त्याला बीपी होतं. कुणाला बोलला नाही, गोळ्या चुकवत राहिला. आधी पाय सुजले, मग एक दिवस तोंड सुजून आलं तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आता आठवड्यातून तीनदा सेंटर, मंगळवारी मी बरोबर जाते, बाकीच्या दिवशी भावजय. आपल्याकडं पाण्याला काय तोटा आहे का गं? ताम्हिणीकडून आभाळ भरून आलं की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, धरण भरून वाहतं, आणि त्याच मातीतला हा माणूस पेलाभर पाणी दिवसभर पुरवून पितो. अगदीच जीभ कोरडी पडली की बर्फाचा खडा चघळतो. लहानपणी ओढ्याला तोंड लावून ढोरासारखा पाणी प्यायचा तो. मला बघवत नाही.

किडनी कोण देणार याची काही चर्चाच झाली नाही. भावजयीची जुळली नाही, माझी जुळली. रिपोर्ट आला त्या दिवशी तिनं माझे पाय धरले, माझ्या नवऱ्यानं मान डोलावली, चुलते म्हणाले, शेवटी रक्ताचंच माणूस कामाला येतं, आणि विषय संपला. 'देते' असं मी नेमकं कधी म्हणाले ते मला आठवत नाही. एकदा फक्त डॉक्टरांनी मला एकटीला आत बसवून विचारलं. स्वतःच्या मनानं देताय का, नसेल तर इथंच सांगा, घरच्यांना आम्ही तब्येतीचं कारण सांगू, तुमचं नाव येणार नाही. मी पदर सावरला आणि म्हटलं, मनानंच देतेय. मग ते म्हणाले, तर वजन उतरवा. साखर काठावर आली आहे, अशा अंगावर ऑपरेशन करून तुम्हाला एका किडनीवर सोडायचा धोका मी घेणार नाही. त्यांनी एक आकडा सांगितला. बाहेर येऊन मी सगळ्यांना तोंड पाडून सांगितलं की आधी वजन उतरवायचंय. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला एकदम हलकं वाटलं होतं. का, त्याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पहिल्या खेपेला मी जोर लावला. भात सोडला. मुळशीच्या बाईनं भात सोडायचा म्हणजे काय ते तुलाच कळेल. रोज पातेलंभर इंद्रायणी शिजवायचा, झाकण काढलं की तो वास घरभर, आणि आपण बसायचं काकडी चिरत. पहाटे कंपनीच्या बसगाड्या सुटायच्या वेळी रस्त्यानं चालायला जायचे, तर ओळखीची पोरं खिडकीतून 'काकी, जोरात' म्हणून ओरडायची. रश्श्याची चव शेजारणीला बोलावून घ्यायला लावली. नवरा म्हणाला, नव्याचे नऊ दिवस. पण नवाचे नव्वद झाले, मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर आकडा खाली येत राहिला आणि त्याचं तोंड बंद झालं.

मग गावाला कळलं. घोटावड्याला कळलं, उरवड्याला तर आधीच कळलं होतं. बाई भावाला किडनी देणार म्हटल्यावर जो तो दारात. कुणी खारीक-खोबरं, कुणी गावठी अंडी, कुणी घरच्या म्हशीचं तूप. अंगातला अवयव काढून द्यायचा म्हणजे ताकद नको का, असं प्रत्येकीचं म्हणणं. आणि सगळ्यात पुढं कोण, तर भावजय. तिचं कुंकू माझ्या वजनावर टांगलेलं, आणि तीच मला डिंकाचे लाडू करून पाठवायची, तूप निथळतंय असे. मी म्हटलं, अगं बाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तर म्हणायची, डॉक्टरांना काय कळतंय वन्सं, तुमी दोन तरी खावा, माज्या जिवाला बरं वाटंल. ती अडाणी नाही, बारावी शिकलेली आहे. पण उपकार मानायचे म्हणजे पुढ्यात ताट ठेवायचं, याच्यापलीकडं आपल्या घरात कुणाला काही येतं का? तुलाही येत नव्हतं. बरं, आलेला डबा परत पाठवायचा नाही आणि रिकामाही द्यायचा नाही, म्हणून मी त्यात चकल्या घालून पाठवायची आणि पुढच्या आठवड्याला तो पुन्हा लाडू घेऊन यायचा.

डॉक्टरांच्या आकड्याच्या अगदी जवळ आले होते मी, आई. हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. आणि दिवाळी आली. त्यानंतर मी मेडिकलच्या दुकानासमोरून जाताना मान वळवायला लागले. डब्यांची गडबड आहे, थंडी आहे, गुडघा धरलाय. संक्रांतीपर्यंत गेलेलं सगळं अंगावर परत आलं आणि येताना थोडं जास्तच घेऊन आलं. घरात विचारणा झाली तेव्हा मी सरळ भावजयीच्या लाडवांवर ढकललं. तिच्या तोंडावर म्हटलं, तुझ्याच नवऱ्याचं वाटोळं तू केलंस. त्यानंतर डबा यायचा बंद झाला.

त्या दिवसांत तू फार आठवायचीस, आणि आठवायचीस ती खाचरातली. लावणी संपली की बाकीच्या बाया कंबर धरून घरी बसायच्या आणि तू आठवड्याभरानं पुन्हा इरलं घेऊन चिखलात. कुठं खेकड्यानं खाल्लं, कुठं पाण्यानं वाहून नेलं, तिथं तिथं वाकून नवी काडी खोवायची. नांग्या भरायच्या म्हणायचीस. त्यासाठी रोपांच्या तुकड्यातला एक कोपरा तू दरवर्षी उपटायचीच नाहीस, राखून ठेवायचीस, म्हणजे काही रोपं मरणारच हे आधीच धरलेलं. एका वर्षी बांध फुटला होता आणि मला तू खालच्या खाचरात एकटीला धाडलंस. मी नववीत असेन. वरून बघितलं तर नुसतं गढूळ पाणी. मी बांधावर बसले, तुझ्यासाठी आणलेली भाकरी खाऊन टाकली आणि घरी येऊन सांगितलं की सगळंच गेलंय, पुन्हा सगळं लावावं लागेल. तू माझं मनगट धरून मला परत तिथं नेलंस. पाण्यात हात घालून दाखवलंस, अर्ध्याच्या वर रोपं खाली धरून होती. म्हणालीस, "सगळं गेलं म्हनाया सोपं असतंय. वाकून बघ. गेलं तेवढंच लाव." आणि मग दिवस मावळेपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं भाकरी खाल्ली म्हणून.

आता सगळे मला हेच सांगतात, एक दिवस चुकला म्हणून सगळं सोडू नका, तिथून पुढं धरा. दवाखान्यातली आहाराची पोरगीही हेच सांगते, फक्त हसून. खरं आहे. पण भाताच्या काडीला कुणी लाडू आणून देत नाही. आणि भाताच्या काडीच्या मनात, आपण उगवावं की नाही, असंही काही नसतं.

माझ्या मनात होतं. ते कधीपासून, तेही सांगते, कारण त्यात तू आहेस. पौडचा तो दिवस तुला आठवतो का? माझं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तू निरोप धाडलास, मी आले, आणि जीपमध्ये बसल्यावर तू म्हणालीस, भावाला एक सही लागती. हक्कसोड आहे हे मला कचेरीत गेल्यावर कळलं. तेव्हा आपल्या जमिनीला आजच्यासारखा भाव नव्हता, आणि असता तरी मी सही केली असती, आपल्याकडच्या सगळ्या बहिणी करतात. मला जमीन नको होती. पण तू मला विचारलं नाहीस, आई. 'देशील का' एवढे दोनच शब्द. सही झाल्यावर तू मला तिथल्या हॉटेलात नेलंस, गरम भजी सांगितलीस, जिलेबी सांगितलीस, आणि पिशवीतून हिरवी साडी काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. मला भूक नव्हती. तरी मी ती प्लेट संपवली, तू दुसरी सांगितलीस, तीही संपवली. तू समाधानानं बघत होतीस. भुकेशिवाय पोटभर खायचं असतं हे मी त्या दिवशी शिकले.

एवढं लिहून मला वाईट वाटतंय. तुला तरी कुणी कधी काय विचारलं होतं?

तर थंडी सरता सरता एका मंगळवारी, रिक्षात, पिरंगुटच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती. तो कडेला बसला होता, तोंड बाहेर. मी माझं पुराण लावलं होतं, सोमवारपासून पुन्हा सुरू करते, या वेळी अगदी कडक करते. सोमवार किती झाले होते ते देवाला ठाऊक. तो तसाच बाहेर बघत म्हणाला,

"आक्के, द्यायची नसंल तर नको देऊ. म्या काय मरत न्हाई लगीच. पर तोंडानं सांग. असं खाऊन नको सांगू."

मी भडकले. काय काय बोलले त्याला. तुझ्यासाठी इकडं उपाशी मरतेय, लावणीत तुला कडेवर घेऊन माझी कंबर वाकली, आणि तू मला असं बोलतोस. रिक्षावाल्यानं आरसा वळवून घेतला. गाड्या हलल्या, सेंटर आलं, आणि उतरताना तुझा लेक माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, चल, तू बी चढ काट्यावर. मी पाणी चोरतो ते त्याला कळतंय, तुजं बी कळू दे. मी ओशाळून चढले. नर्सबाईनं आकडा सांगितला आणि तो ऐकून तो नुसतं 'बरं' म्हणाला. त्याच्या ध्यानात आलंय का माहीत नाही, पण डॉक्टर सोडले तर माझ्या जन्मात मला असं विचारणारा तो पहिला माणूस. तूही नाहीस, माझा नवराही नाही.

तिथून पुन्हा सुरू झालं. या वेळी गाजावाजा नाही, शपथ नाही, भात पुरता सोडलेलाही नाही, एक मूठ खाते. उरलेलं अन्न समोरच्या गोठ्यात जातं. ते टाकताना अजून हात अडखळतो, तुझा आवाज येतो. नवरा म्हणतो, एकादशी आणि दुप्पट खाशी. त्याला म्हटलं, तू तुझी विडी सोडून दाखव मग बोल. मंगळवार मात्र चुकवायचा नाही, जड असो की हलकं, काट्यावर चढायचं. चैत्रात गावची जत्रा झाली. पाहुणे, मटण, तांदळाच्या भाकरी, मी दोन दिवस हात आखडला नाही. त्या मंगळवारी जायच्या आधी मी गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी घरातच घोटाळत राहिले. गुडघ्याचं कारण तोंडावर आलंही होतं. तरी गेले. माझा आकडा वाढलेला, आणि त्याचाही. तो हळूच म्हणाला, कलिंगड खाल्लं, लई तहान लागलीती. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो, दोन चोरांसारखे.

पण त्या दिवशी हसणं अंगाशी आलं. जास्तीचं पाणी काढताना त्याचं बीपी घसरलं. तोंड पांढरं पडलं, कपाळाला घाम, डोळे वर जायला लागले. पळापळ झाली, त्याचे पाय वर केले, मशीनची बटणं दाबली. मी त्याचा हात धरून उभी. त्या हातात शिरा जोडल्यात मशीनसाठी, तिथं बोट ठेवलं की आत सतत घरघरतं, मांजर झोपल्यासारखं. ते घरघरणं मला बोटाला लागत होतं आणि मी मनात तेवढंच मोजत होते. तो भानावर आला, आणि पहिलं काय म्हणाला तर, घरी सांगू नको. मी घरी आले, डबे भरले, आणि भरता भरता रडले. मी मंगळवार मंगळवार करत बसलेय, आणि त्याच्याकडं मंगळवार किती उरलेत ते कुणालाच माहीत नाही.

आणि आज. आज नर्सबाईनं आकडा सांगितला आणि स्वतःच टाळी दिली. दिवाळीच्या आधी होते तिथं मी परत आलेय. थोडं उरलंय, अगदी थोडं. तो खुर्चीवरून माझ्याकडं बघत होता. खुश झाला नाही. नुसता बघत होता, वाट बघतात तसा. मी त्याची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन बसले.

परत येताना उरवड्याला भावजय दारात उभी होती. माझ्या हातात डबा दिला, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. खाली बघत म्हणाली, साखर न्हाई वन्सं, तूप बी न्हाई, नुसते खजुराचे हायेत. घेऊन आले. तो डबा आत्ता ओट्यावर आहे, झाकण लावलेला, आणि मी त्याच्याकडं पाठ करून हे लिहितेय.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी सासरहून आलेली पत्रं तोच तुला वाचून दाखवायचा, गाळत काही नसे मेला, मी नवऱ्याला घातलेल्या शिव्यासुद्धा वाचायचा. तू असतीस तर हेही त्यालाच वाचावं लागलं असतं. आता तू नाहीस, त्यामुळं हे कुठं जाणार नाही, पिठाच्या डब्याखाली राहील.

म्हणून एवढं सांगते. दिवाळीत घात लाडवांनी केला नव्हता. आकडा जवळ आल्याचं ज्या दिवशी मेडिकलवाल्यानं सांगितलं, त्याच दुपारी मी ओट्याशी उभ्यानं पातेल्यातला गार भात खाल्ला, हातानं, नुसता, मीठसुद्धा न घालता, पौडची भजी खाल्ली तसा. भावजयीचा डबा त्यानंतर चार दिवसांनी आला. ती बिचारी अजून स्वतःलाच दोष देतेय. आणि मला द्यायची नाही असंही नाही गं, द्यायची आहे, माझ्या कडेवर वाढलाय तो. पण टेबलावर निजायचं, पोट फाडून घ्यायचं, उठले नाही तर, आणि उठले तरी पुढं एकट्या एका किडनीवर, हे मला रोज दिसतं आणि ते बोलायला मला तोंड नाही.

आत्ता पुन्हा हात डब्याकडं जातोय. भूक नाही, आई. भीती वाटतेय. त्यानं विचारलंय, आणि मी त्याला अजून एवढंसुद्धा सांगितलेलं नाही.